सवय नसलेला दिवस: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत अपघात म्हणावा असं फारसं कुणाला झालेलं नाही. कुणाची पोटरी खेळताना धरली, कुणाला मोजा घालताना उसण भरली, कुणाचा हात पाठीमागे जाईना. दोष मात्र सगळ्यांनी वयाला दिलाय. वयाचा वाटा आहेच. पण बहुतेक पत्रं वाचताना आमच्या मनात एकच प्रश्न आला: त्या दिवशी शरीराला सवय नसलेलं असं काय करायला लावलंत?

वय ५४. आठवडाभर बैठं काम, रविवारी मुलाच्या मित्रांबरोबर बॅडमिंटन. सहा महिन्यांत दोनदा उजव्या पोटरीत मागून कुणी दगड मारावा तशी कळ आली. पहिल्या वेळी दहा दिवसांत नीट चालता येऊ लागलं, म्हणून तिसऱ्या आठवड्यात खेळलो आणि पुन्हा तेच. आता खेळ सोडावा का?

खेळ सोडू नका. सहा दिवस काहीच न करता सातव्या दिवशी सगळं करणं सोडा.

पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्या वर सुरू होतो आणि टाचेपर्यंत जातो, म्हणजे तो दोन सांधे ओलांडतो. नेटजवळचं फूल घ्यायला तुम्ही झेपावता तेव्हा मागच्या पायाचा गुडघा सरळ असतो आणि टाच खाली असते. स्नायू पूर्ण ताणलेला असतो आणि त्याच क्षणी त्याला जोर लावायचा असतो. मग तो आतल्या बाजूला, जिथे कंडरेला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीला) मिळतो तिथे फाटतो. चाळिशीनंतर ही दुखापत इतकी ठरलेली आहे की तिला ‘टेनिस लेग’ असं नावच पडलंय. ताणून बारीक झालेली दोरी आणि अचानक बसलेला हिसका, असं हे गणित आहे.

दुसऱ्यांदा का झालं, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. चालता येणं म्हणजे पोटरी चालण्यापुरती बरी होणं. धावताना टाचेच्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट आणि कधी त्याहून जास्त ताण येतो. दहा दिवसांत जखमेच्या जागी भरून आलेले तंतू कच्चे असतात, त्यांची दिशाही अजून लागलेली नसते.

पहिले दोन-तीन दिवस पट्टी बांधा, पाय उंच ठेवा आणि दोन्ही बुटांत टाचेखाली सेंटीमीटरभर जाड गादी घाला. एकाच बुटात घातलीत तर कंबर तक्रार करेल. चोळू नका आणि ‘मोकळी करायला’ जोरात ताणू नका, ते फाटलेलं पुन्हा फाडणं आहे. सपाटीवर चालताना दुखायचं थांबलं की भिंतीला हात टेकून दोन्ही पायांवर टाचा उचला: दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, १२ ते १५ वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. प्रत्येक फेऱ्यात निम्म्या वेळा गुडघा सरळ ठेवून करा आणि निम्म्या वेळा थोडा वाकवून, कारण आतला दुसरा स्नायू गुडघा वाकला की जास्त काम करतो. नंतर एका पायावर, त्यानंतर पायरीच्या कडेवर टाच खाली सोडून. दुखावलेला पाय चांगल्या पायाइतक्याच वेळा टाच उचलू लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरी कुरकुरली नाही, की जागच्या जागी उड्या: आधी दोन्ही पायांवर दहा, मग एका पायावर. त्यानंतर अर्धा वेळ खेळ. छोट्या चिरेला एवढं करायला तीन-चार आठवडे लागतात, मोठीला दोन महिनेही.

बरं झाल्यावरही आठवड्यात दोन दिवस टाचा उचलण्याचा व्यायाम कायम ठेवा. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात. कंडरेला महिने लागतात, तिच्याकडे रक्तपुरवठाच कमी. म्हणूनच पाय ‘दमत नाहीत’ आणि टाच मात्र दुखू लागते. खेळाआधी दहा मिनिटं हलकं जॉगिंग, बाजूला पावलं, झेपावण्याची हलकी तालीम. थंड पोटरी धरून तीस सेकंद ताणण्याने ही तयारी होत नाही.

दोन वेळा मात्र हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एक: ‘फट्’ असा आवाज आला आणि चवड्यावर उभं राहताच येत नाही. पालथं झोपून पाऊल पलंगाबाहेर ठेवा आणि कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर टाचेची कंडरा तुटलेली असू शकते. दोन: न खेळता, न लचकता एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा आजारपणात पडून राहिल्यावर. ही रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळणं धोक्याचं आहे.

जाता जाता: सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातली अँटिबायोटिक्स घेत असताना आणि नंतरही काही काळ कंडरा नाजूक होऊ शकतात. साठीपुढे आणि स्टेरॉइड चालू असताना हा धोका वाढतो. अशा गोळ्या चालू असताना टाच दुखू लागली तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना सांगा.

वय ६३. गेली बारा वर्षं रोज पाच किलोमीटर चालते, एक दिवस चुकवत नाही. तरीही हल्ली खालच्या सोफ्यावरून उठताना हात टेकावे लागतात. चालणं कमी पडतंय का? आणखी दोन किलोमीटर वाढवू?

वाढवू नका. हृदयासाठी, साखरेसाठी आणि मनासाठी तुमचं चालणं उत्तम आहे. पण सपाटीवर चालताना गुडघा जेमतेम वाकतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला त्याच्या ताकदीचा थोडाच भाग वापरावा लागतो. बारा वर्षांत तो त्या थोड्या भागापुरताच तयार झाला.

स्नायूंचं वस्तुमान तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के घटतं, साठीनंतर जास्त वेगाने. त्यातही आधी जातात ते झटका देणारे, जलद तंतू. खुर्चीतून उठणं, ठेच लागल्यावर पाऊल पटकन पुढे टाकणं ही सगळी त्यांची कामं. म्हणून ताकद घटण्याच्या आधी चपळाई घटते, आणि ती घटल्याचं कळतं ते सोफ्यावर.

आधी मोजून घ्या. हात नसलेली, साधारण १७ इंच उंच खुर्ची भिंतीला लावून ठेवा. हात छातीवर घडी, तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून पूर्ण बसणं किती वेळा होतं ते कुणाला तरी मोजायला सांगा. ६० ते ६४ वयात बायकांना १२ पेक्षा आणि पुरुषांना १४ पेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी. ६५ ते ६९ मध्ये हे आकडे ११ आणि १२, तर ७० ते ७४ मध्ये १० आणि १२. एकदाही हात टेकावे लागले तर गुण शून्य धरतात. कडक वाटेल, पण तोच नियम आहे.

आता व्यायाम. खुर्चीवर एक-दोन जाड उशा ठेवून बैठक उंच करा. कडेला सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, नाक पावलांच्या पुढे येईल इतकं पुढे झुका आणि उठा. उठताना श्वास सोडा. बसताना तीन सेकंद लावा, धपकन बसू नका, कारण अर्धा व्यायाम बसण्यातच आहे. ८ ते १० वेळा, तीन फेरे, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यात दोन किंवा तीन दिवस. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सगळे दहा गप्पा मारत झाले तर एक उशी काढा. उशा संपल्या की छातीशी वजन धरा, एक-दोन किलोपासून सुरुवात. चार-सहा आठवड्यांनी पायांना सवय झाली की आठवड्यातला एक दिवस असा ठेवा की उठणं शक्य तितकं झटकन, बसणं मात्र सावकाश. चपळाई परत मिळवायची तर एवढा एक बदल फार उपयोगी आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण गाळतात.

पोटाला पुरेशी प्रथिनं मिळाली नाहीत तर ही मेहनत अर्धी वाया जाते. उतारवयात रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, ६० किलो वजनाला ६० ते ७२ ग्रॅम. ती एका जेवणात कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळा वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचा.

गुडघा वाकवताना कट-कट आवाज येतो. वंगण संपलंय का?

दुखत नसेल, सूज नसेल, गुडघा अडकत नसेल तर आवाजाकडे दुर्लक्ष करा. वंगण संपलंय, म्हणून गुडघा वापरायचा नाही, हा समज मात्र महाग पडतो. कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, दाबला जातो आणि सुटतो, तेव्हाच तिला पोषण मिळतं.

पहाटे उठल्या उठल्या वाकून मोजा घालताना कमरेत उसण भरली. मोजा घालताना! आदल्याच दिवशी मी वीस किलोची पेटी उचलली होती, तेव्हा काही झालं नाही. वय ४९.

यात नवल नाही. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर आडवं असताना पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो ते यामुळेच. फुगलेली चकती ताठ असते आणि वाकताना तिच्यावर व मागच्या अस्थिबंधांवर दिवसातल्या इतर वेळेपेक्षा जास्त ताण येतो. हे जास्तीचं पाणी निम्म्याच्या आसपास पहिल्या तासातच निघून जातं. तेव्हा उठल्यावर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर कमरेत खोल वाकणं टाळा. पलंगावर बसून पायाची बोटं धरण्याचा व्यायामही त्या वेळी नको. पुष्कळ जण तो नेमका त्याच वेळी करतात. मोजा घालायचा तर खुर्चीवर बसून घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, पाय वर आणा, पाठ खाली नेऊ नका. तासन्‌तास खुर्चीत किंवा गाडीत बसून झाल्यावरही हाच नियम लावा: उतरल्यावर दोन मिनिटं चाला, मग सामान काढा.

वीस किलोची पेटी तुम्ही सावध होऊन उचललीत. मोज्यासाठी कोण सावध होतं? जमिनीवरची हलकी वस्तू घेताना एक हात टेबलावर टेकवा, एक पाय मागे उचला आणि खुब्यातून वाका. जड वस्तू पोटाला चिकटवून उचला, कारण तीच वस्तू हात लांब करून धरली की कमरेवरचा भार कितीतरी पट होतो. वळायचं असेल तर पावलं वळवा. वाकलेल्या अवस्थेत कंबर पिळणं सर्वांत वाईट.

उसण भरल्यावर अंथरुणात पडून राहायचा काळ एक-दोन दिवसांपेक्षा लांबवू नका. दर तासाला उठून खोलीतल्या खोलीत चाला, शेकाने बरं वाटत असेल तर शेक घ्या. बहुतेकांची कंबर दोन ते सहा आठवड्यांत सुटते. पण पायातली ताकद जाऊ लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर एक रात्रही थांबू नका, सरळ इस्पितळ गाठा. ताप असेल, रात्री झोपेतही कमी न होणारं दुखणं असेल, किंवा सत्तरीपुढे साधं पडल्यानंतर पाठ दुखू लागली असेल तर तपासणी हवीच. शेवटच्या बाबतीत मणका दबलेला असू शकतो.

माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. चार महिन्यांत दोनदा पडल्या, एकदा रात्री बाथरूमला जाताना आणि एकदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. हाड मोडलं नाही, पण आता भीतीने खोलीबाहेर येत नाहीत. आम्हीही ‘तुम्ही बसून राहा’ म्हणतो. बरोबर आहे ना?

नाही. आठ दिवस बसून राहिलं की पाय आणखी कच्चे होतात आणि पुढचं पडणं जवळ येतं. तुमची काळजी समजते, पण दोन्ही वेळा पाय नेमका का गेला ते आधी शोधा. आम्हाला दोन्हींची कारणं वेगळी दिसतात.

रात्रीचं पडणं. आडव्या स्थितीतून उठल्यावर रक्त पायांकडे उतरतं आणि वयोमानाने रक्तदाब पटकन सावरत नाही. घरी यंत्र असेल तर त्यांना पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना दाखवायचं. उभं असताना कुणीतरी शेजारी थांबा. त्याबरोबर सगळ्या गोळ्यांची पिशवीही न्या: झोपेच्या, रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, सर्दी-ॲलर्जीच्या. यातली कुठलीही आपल्या मनाने बंद करू नका. बऱ्याचदा मात्रा किंवा वेळ बदलूनच काम भागतं. उठण्याची रीतही बदला: कडेवर बसायचं, पावलं वीस वेळा वर-खाली, मुठी आवळायच्या-सोडायच्या, मग उभं राहून धरलेल्या जागीच दहा आकडे मोजायचे आणि त्यानंतर पहिलं पाऊल. दिव्याचं बटण अंथरुणातून हाताला लागलं पाहिजे. वाटेत पायाशी मंद दिवा हवा, डोळ्यांवर नाही.

जिन्यावरचं पडणं. त्यांचा चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह आहे का? असला तर खालचा भाग वाचायच्या अंतरासाठी, म्हणजे हातभर लांबीसाठी असतो. पायरी त्याहून कितीतरी लांब असते. खाली बघितलं की नेमकी पायरीची कड पुसट दिसते आणि शेवटची पायरी संपली असं वाटतं. जिना आणि बाहेर जाण्यासाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घ्या. पायऱ्यांच्या कडेला गडद-फिकट फरक दिसेल अशी पट्टी लावा. कठडा शेवटच्या पायरीच्या पुढेही हातभर असावा. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे किंवा टाच मोकळी असलेल्या सैल चपला नकोत. मागून बंद, पातळ आणि घट्ट तळव्याची पादत्राणं घरातही घाला.

तोल किती आहे ते बघा. खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं करा, समोर खुर्ची. चार पायऱ्या: पहिली पावलं जुळवून; दुसरी एका पावलाचा अंगठा दुसऱ्याच्या कमानीच्या आतल्या कडेला; तिसरी एकामागे एक, टाचेला अंगठा टेकवून; चौथी एका पायावर. प्रत्येकी दहा सेकंद. तिसरी दहा सेकंद जमली नाही तर पडण्याचा धोका जास्त. जी जमत नाही तिच्या आधीचीपासून रोज सराव सुरू करा, एकेक बोट टेकवून, मग न टेकवता. त्यात खुर्चीतून उठणं, टाचा उचलणं आणि कठडा धरून बाजूला पावलं मिळवा. कोक्रेन या, वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात अशा व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांचं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. आठवड्याला तीन तासांवर करणाऱ्यांत फरक आणखी मोठा असल्याचं इतर विश्लेषणांत दिसलंय. सुरुवातीचे महिनाभर फिजिओथेरपिस्ट घरी येऊ शकले तर भीतीही लवकर जाते.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली नसेल तर आता करा. टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर औषधाचा विचार करावा लागतो. व्यायामाने पडणं कमी होतं, पण ठिसूळ झालेलं हाड त्याने एका वर्षात भरून येत नाही. आणि त्या रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर डोक्यावर पडल्यानंतर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी तपासणी. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही आठवड्यांनीही लक्षणं दाखवतो: वाढती झोप, गोंधळ, डोकेदुखी, चाल बदलणं.

व्यायामाने दुखलं तर थांबायचं की रेटायचं?

दोन्ही नाही. दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. करताना ३ पर्यंत असेल, आणि चोवीस तासांत पूर्वीच्या पातळीवर आलं असेल, तर तेवढंच चालू ठेवा. ४-५ झालं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा जास्त ताठ वाटला, तर पुढच्या वेळी वजन किंवा फेरे तिसऱ्या भागाने कमी करा. पूर्ण बंद नको. नव्या व्यायामानंतर स्नायूंत दोन्ही बाजूंना सारखं, दाबल्यावर जाणवणारं दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि मग जातं. उतार उतरल्यावर मांड्या धरतात ते हेच. एका बोटाने दाखवता येणारं, टोचणारं, सांध्यातलं किंवा सूज आणणारं दुखणं मात्र वेगळं, ते रेटू नका.

वय ५७, मधुमेह आहे. तीन महिने डावा खांदा दुखतो, हात पाठीमागे जात नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही. मैत्रीण म्हणते, जोर लावून ताण म्हणजे सुटेल.

मैत्रिणीला थांबवा. आधी एवढं करून बघा: कोपर कुशीला चिकटवून ९० अंशांत वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमचा हात हळूच बाहेर वळवू द्या. दुसऱ्यानेही तो वळत नसेल, उजव्याच्या मानाने निम्म्यावर अडत असेल, तर बहुधा गोठलेला खांदा. दुसरा नेतो तेव्हा जातो, पण तुमच्या जोरावर वर उचलत नाही, असं असेल तर कंडरांचा दोष. दोन्हींचा उपचार वेगळा, म्हणून तपासणी करून घ्याच.

गोठलेला खांदा चाळिशी ते साठी या काळात येतो, मधुमेहींना जास्त येतो आणि जास्त रेंगाळतो. आधी दुखतो, मग ताठरतो, मग सुटतो. एकूण एक ते तीन वर्षं. दुखण्याच्या टप्प्यात जोर लावला की आतलं आवरण आणखी भडकतं. सध्या फक्त लोलक: चांगला हात टेबलावर टेकवून वाका, दुखरा हात सैल सोडा आणि अंग हलवून तो हात छोट्या वर्तुळात फिरू द्या, एक-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. झोपताना हाताखाली उशी घ्या. या टप्प्यात सांध्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनने दुखणं उतरतं, पण त्यानंतर काही दिवस साखर वाढते. ते देणाऱ्यांना मधुमेहाचं आठवणीने सांगा.

वय ६२. रक्तदाबाची गोळी घेतो. घड्याळाने ठरवलेल्या ठोक्यांपर्यंत मी पोचतच नाही, कितीही भरभर चाललो तरी १०५. मी कमी पडतो का?

तुमची गोळी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल अशा गटातली असेल तर तिचं कामच ठोके आवरणं आहे. शिवाय ठोक्यांची कमाल मर्यादा काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र सरासरीचं. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. घड्याळ काढून ठेवा आणि बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. तीन-चार शब्दांत दम लागतो, तो जोरकस. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम वेगाची १५० ते ३०० मिनिटं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. पासष्टीनंतर तोलाचे व्यायामही तीन दिवस. वजन उचलताना श्वास कोंडू नका, रक्तदाब क्षणात वर जातो. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा आणि मदत बोलवा.

घोटा मुरगळला. एक्स-रे काढावा का?

चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटीमीटरांत, दाबल्यावर हाडच दुखत असेल, तर काढा. पावलाच्या बाहेरच्या कडेचं मधलं हाड किंवा आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड दुखत असेल तरीही. नसेल तर पट्टी, पाय उंच आणि दोन-तीन दिवसांत जमेल तितकं चालणं. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. सूज गेली म्हणजे काम संपत नाही: घोट्याच्या तोलाची जाण बोथट झालेली असते आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. सहा आठवडे रोज एका पायावर उभं राहण्याचा सराव करा, दात घासताना केलात तरी चालेल.

वय ८१. आता सुरू करून उपयोग आहे का, खरं सांगा.

१९९० साली मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम दिला. आजारी, काठी घेणारी माणसं होती. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. बंद केल्यावर चार आठवड्यांत तिसरा हिस्सा गेलाही. तर सुरू करा, आणि सोडू नका. उंच खुर्चीवरून पाच वेळा उठणं, एवढ्याने सुरुवात होते.

वय ७१, एकटी राहते. पडले तर उठायचं कसं, हे कुणी शिकवतच नाही.

बरं विचारलंत. मार लागला नसताना केवळ उठता न आल्यामुळे तासभर फरशीवर पडून राहणं हेच अनेकदा पडण्यापेक्षा जास्त अपाय करतं.

पडल्यावर लगेच धडपडू नका. मिनिटभर पडून राहा, हात-पाय एकेक हलवून बघा. खुबा दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचं नाही, फक्त मदत बोलवायची. एरवी कुशीवर वळा. वरचा हात छातीसमोर टेकवा, कोपरावर या, मग दोन्ही हात आणि गुडघे. तसेच रांगत मजबूत खुर्चीपाशी किंवा पलंगापाशी जा. दोन्ही हात बैठकीवर ठेवा, चांगल्या पायाचं पाऊल पुढे सपाट टेकवा, त्यावर आणि हातांवर भार देत उठा, आणि उभं न राहता आधी वळून बसा. गुडघे टेकवत नसतील तर खाली पातळ उशी किंवा घडी केलेला टॉवेल सरकवायचा.

हे आधी गादीवर, कुणीतरी सोबत असताना करून बघा, मग फरशीवर, आठवड्यातून एकदा. फोन गळ्यात किंवा खिशात ठेवा, टेबलावर नको. उठता आलंच नाही तर जवळची चादर किंवा पायपुसणं ओढून अंगावर घ्या, दर काही मिनिटांनी कूस बदला म्हणजे एकाच जागी दाब राहणार नाही, आणि आवाज वाया न घालवता भिंतीवर किंवा दारावर काहीतरी ठोकत राहा.